पळवून नेण्याजोगी बाई

पडद्यावरच्या माणसाने फोन त्या बाईच्या कानाला लावला, दुसऱ्या हाताचे एक बोट वर धरले आणि ती बाई फोनमध्ये चार-पाच शब्द बोलली. भाषा कोणती, ते खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हते. तरी रीताला त्या शब्दांचा अर्थ कळला. मी बरी आहे, काळजी करू नका. दुसरे काही असूच शकत नव्हते, कारण सकाळी पावणेनऊ वाजता याच खोलीच्या दारात उभी राहून, घनश्यामभाऊंनी धरलेल्या फोनमध्ये तिने नवऱ्याला, योगराजला, हेच सांगितले होते. फोन स्पीकरवर होता. घनश्यामभाऊंचे बोट वर नव्हते, ते हसत होते. पण फोन त्यांच्याच हातात होता. तो तिच्या हातात द्यावा असे त्यांना वाटले नव्हते आणि मागून घ्यावा असे तिलाही वाटले नव्हते. आता तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. तिचा हात डब्यात तसाच राहिला. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे झाली होती.

चित्रपट मंगरूच्या पेनड्राइव्हमधला. मंगरू म्हणजे घनश्यामभाऊंचा ड्रायव्हर, पन्नाशीचा माणूस. तीन दिवसांपासून गेटची किल्लीही त्याच्याच खिशात होती. गोंदियाच्या मोबाइलवाल्याने पन्नास रुपयांत जे भरून दिले त्यात हा आला, असे तो म्हणाला. खाली अक्षरे नाहीत, कुठल्या देशाचा आहे ते नाही. थंडीचे गाव, राखी रंगाच्या उंच इमारती, आणि सबंध चित्रपटात मिळून एकच निळी गाडी. बाईला पळवून नेले ती निळ्या गाडीतून. पोलीस आले ते त्याच गाडीतून, वर दिवा चिकटवून. मग मंत्री उतरला, तोही त्याच गाडीतून, आता पुढे झेंडा. रीताने गाडीच्या मागच्या दाराचा पोचा ओळखून ठेवला होता. मंत्र्याच्या कचेरीची भिंत आणि बाईला ठेवले त्या खोलीची भिंत एकच होती, फक्त मधले चित्र काढून घेतले होते. असले तिला दिसते. सांगितले कुणाला नाही, कारण असले कुणी विचारत नाही.

“हा तिचा भाऊ व्हय,” धुरपताबाई म्हणाल्या. त्या शेजारी पाय लांब करून, गुडघ्यांवर शाल घेऊन बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, रीतासारख्याच पंचायत समितीच्या सदस्य, पण दुसऱ्या खेपेच्या.

“भाऊ व्हय त मंग तिले कोंडलं काऊन?” रीता म्हणाली.

“कोंडलं कुठी? बसवलं हाये. सूप देऊन राहिला ना तिले.”

“बाई, तो गुंडा व्हय,” दाराशी उभा मंगरू म्हणाला. “तो जाड्या हाये ना, तो मंत्री. त्यानंच पळवून आणाले लावलं.”

“मंत्री? एवढ्याशा गाडीत?”

“तिकडचे गरीब रायते.”

धुरपताबाई हसल्या, मंगरू हसला, रीताही हसली असावी. पण तिच्या कानात ते एकच वाक्य राहिले होते. बसवलं हाये. ती बाई खरोखर बांधलेली नव्हती. दोर नव्हता, तोंडावर पट्टी नव्हती. खुर्ची होती, सूप होते, शेजारच्या खोलीत दोन माणसे पत्ते खेळत होती. आणि इथे, शेजारच्या खोलीत, लीलाधर आणि आणखी दोघे सदस्य पत्ते खेळत होते. हुकूम कोणता यावरून त्यांचे चाललेले भांडण भिंतीतून ऐकू येत होते. रीताने पहिल्यांदाच मोजणी केली. कोहमाऱ्याच्या चौकापासून दीड किलोमीटर आत, बंद पडलेल्या ढाब्यामागे, कुणा कंत्राटदाराचा हा दुमजली बंगला. एक गेट. गेटला कुलूप. पाचही सदस्यांचे फोन पहिल्या दिवशी चार्जिंगला म्हणून घेतले, ते तीन दिवस चार्ज होत होते. उद्या बुधवार, दुपारी तीनला सभापतीची निवड. समितीत बारा सदस्य; सात इकडचे, पाच तिकडचे. सातांतले घनश्यामभाऊ आणि त्यांची बायको नीतू सोडले की उरलेले पाच इथे. सहल, असे सगळे म्हणाले होते. सभापतीची निवडणूक आली की सदस्यांना सहलीला नेतातच, त्यात लपवण्यासारखे कुणाला काही वाटत नाही. बायका एकमेकींना विचारतात, तुमची कुठी गेली होती? मागच्या खेपेस गोव्याला नेले होते, धुरपताबाईंनी तेव्हाची शंखांची माळ अजून ठेवली आहे. यंदा हात आखडता होता, म्हणून कोहमारा. रीताने तीन नव्या साड्या घेतल्या होत्या, फोटोंसाठी. तिचे सासर सौंदडच्या पलीकडे; इथून मोटारसायकलने पाऊण तास. आपल्याला आपल्याच घरापासून पाऊण तासावर पळवून आणले आहे आणि आपण येताना चिवडा करून आणला आहे, हे तिच्या ध्यानात आले, आणि तिला भीती वाटायला हवी होती.

भीती वाटली नाही. तिने नीट तपासून पाहिले, जसा ती तांदळात खडा शोधते. छातीत काहीतरी जोरात चालले होते, कान गरम झाले होते, तळवे ओले. पण ते भीतीचे नव्हते. पडद्यावर आता दोन माणसे टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती आणि मधल्या खुर्चीत ती बाई, चाळिशीची, तपकिरी स्वेटर, केस न विंचरलेले, पाव खात होती. एकाने तीन बोटे दाखवली. दुसऱ्याने मान हलवून पाच दाखवली. ती बाई पाव चावायची थांबली, दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि खुर्चीत ताठ बसली. नटी चांगली होती की दिग्दर्शकाने सांगितले म्हणून बसली, कोण जाणे. पण रीताला त्या ताठ होण्याचा अर्थ कळला. रिकाम्या माणसाला कुणी पळवत नाही. ज्याच्यावाचून अडते त्यालाच पळवतात, कुलूप लावतात, सूप पाजतात, एक माणूस पन्नास वर्षांचा फक्त त्याच्यासाठी दाराशी उभा करतात. असे तिच्या आयुष्यात यापूर्वी घडले नव्हते. चौतीस वर्षांत एकदाही नाही.

आठ वर्षांची असताना ती परगावच्या एका लग्नात विसरली गेली होती. आत्याच्या नणंदेचे लग्न, दोन ट्रॅक्टर भरून माणसे, परतताना एका ट्रॅक्टरवाल्यांना वाटले ती दुसऱ्यात आहे. ती मांडवामागे चुलाण विझताना पाहत होती. मोठ्या लाकडातला निखारा आधी वरून पांढरा होतो आणि आतून बराच वेळ तांबडा राहतो, ते पाहण्यात तिचा वेळ गेला. वळून पाहिले तर मांडव रिकामा. रडली नाही. एका अनोळखी बाईने तिला भाताच्या कोठीशेजारी निजवले. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी सायकलवर बसून ती घरी, माहेरच्या सौंदडला पोचली तेव्हा आई अंगणात धान पाखडत होती. वर पाहून म्हणाली, आलीस मामाकडून? बाबा, ईश्वरदास, जेवत होते. त्यांनी विचारलेही नाही. हे तिने पुढे गंमत म्हणून पुष्कळांना सांगितले आहे आणि पुष्कळजण हसले आहेत. आई मारील या भीतीने ती सायकलवर थरथरत होती, आणि आईने मारले नाही म्हणून तिला जे वाटले ते मात्र तिने कुणाला सांगितलेले नाही. आत्ता, मंगरूच्या खिशातल्या किल्लीकडे पाहताना, तिला ते आठवले आणि ती मनात म्हणाली, आज मी हरवले तर घनश्यामभाऊ दोन मिनिटांत ओरडतील.

निवडणुकीलाही ती अशीच उभी राहिली होती, म्हणजे उभी केली गेली. गण, म्हणजे समितीचा त्यांचा मतदारसंघ, महिलेला राखीव सुटला, योगराज अर्ज घेऊन आला, ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिने पोत्यावर कागद ठेवून सही केली. बॅनरवर तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि योगराजचा हात जोडलेला, कमरेपर्यंत. निकालाच्या दिवशी गुलाल योगराजला लागला; हार घालायला आलेल्यांनी तिला विचारले, भाऊ कुठे आहेत? सभेत योगराज मागच्या खुर्चीवर बसतो आणि सही कुठे करायची ते पेन्सिलीने खूण करून देतो. तो वाईट नाही. घरी तिला दुखले-खुपले तर रात्रभर बसतो. फक्त तिला वाचता येते हे तो विसरून गेला आहे. आणि ती सगळे वाचते. मार्चच्या सभेत तो चहाला बाहेर गेला असताना तिने समोरची फाइल पहिल्या पानापासून वाचली होती. गावतलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, चाळीस फूट खोदून रस्ता, पलीकडे घनश्यामभाऊंच्या राइसमिलचे नवे गोदाम. विषय लांबणीवर पडला, कारण तेव्हाचे सभापती तिकडचे होते; पहिल्या वेळी पद ज्या प्रवर्गाला राखीव होते त्यातला एकच सदस्य होता, तो तिकडचा, म्हणून तेव्हा ना निवडणूक झाली ना सहल. विषयपत्रिकेवर काय घ्यायचे ते सभापती ठरवतात. नीतू सभापती झाली की पहिल्याच सभेत पाळ. चाळीस फूट पाळ कापली की पाणी किती उरते हे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. तिच्या सासूबाई, मनकर्णाबाई, काठी टेकत रोज संध्याकाळी पाळीवर जातात आणि उंदराचे बीळ दिसले तरी माणसे गोळा करतात. त्यांच्या आजेसासऱ्याच्या आजोबांनी ती पाळ घातली. योगराजला हे ठाऊक आहे. योगराज म्हणाला होता, विकास होऊन राहिला, आपण कायले आड यायचं? तिचे मत कुणी विचारले नव्हते. उद्यासाठी घनश्यामभाऊंनी तिला इतकेच सांगितले होते: मी हात वर केला की तुम्ही करायचा, वहिनी.

“धुरपताबाई,” ती म्हणाली, “आता घरी जावं वाटलं त काय कराल?”

“आता? कायले? पोहे होऊन राहिले खाली.”

“वाटलं त, म्हणतो.”

“घनश्यामले सांगीन.”

“अन् तो नाही म्हणाला त?”

धुरपताबाईंनी पडद्यावरची नजर काढली. त्यांनी मंगरूकडे पाहिले, मंगरूने चपलांकडे. म्हातारीने गोव्यालाही असेच चार दिवस काढले असणार, शंखांची माळ घेऊन आली असणार. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू मागे जात होते, पाच वर्षे मागे, त्या समुद्रापर्यंत.

“तिथीबी गेट होतं,” त्या म्हणाल्या.

रीता उठली. डबा खुर्चीवर ठेवला, झाकण लावले. पायऱ्या उतरताना तिला प्रत्येक पायरी वेगळी जाणवली, अकरा पायऱ्या, सातवी तडकलेली. अंगणात फेब्रुवारीचे ऊन होते, कुंपणापलीकडे धान कापलेल्या बांधीत लाखोळी, डाळीचे पीक, निळी फुलली होती. तीन दिवस खिडकीतून दिसत होती, रंग आज दिसला. घनश्यामभाऊ खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. पांढरा शर्ट, कपाळावर चष्मा, गोड माणूस. राइसमिलमध्ये हमालांनाही जी म्हणतो. ती गेटपर्यंत गेली आणि कुलपाला हात लावला. तापले होते.

“वहिनी, कुठं निघाल्या?”

“चौकात.”

“काय आणाचं? मंगरू आणून देते.”

“चौक आणून देईल?”

ते हसले. पेपर घडी केला. “उद्या जाऊन राहिलोच ना. एका दिवसासाठी उन्हात कायले? बाहेर त्यांच्या गाड्या फिरतात. तुमच्यासाठीच म्हणतो.”

“त मंग म्हणा, जाऊ नका.”

“काय?”

“तोंडानं म्हणा. रीताबाई, तुमी जाऊ नाई शकत. म्हणा, मी वर जातो.”

घनश्यामभाऊंनी तोंड उघडले. रीताने त्यांच्या ओठांकडे इतके निरखून पाहिले की वरच्या ओठावर राहून गेलेले दोन पांढरे केसही तिला दिसले. शब्द आला नाही. तो आला असता तर ही सहल राहिली नसती, आणि त्यांनाही ते त्याच क्षणी कळले असावे. मागून पत्त्यांच्या खोलीतला आवाज थांबला. लीलाधर हातातल्या पानांसकट ओट्यावर आला. मंगरू पायऱ्यांवर. त्याच्यामागे, कठड्याला धरून, एकेक पायरी, धुरपताबाई. रीताचा आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा स्वच्छ येत होता.

“मी गेली त सहा अन् पाच,” ती म्हणाली. “मी तिकडं बसली त सहा-सहा. चिठ्ठी टाकाव लागन.”

“अन् मी बी गेली त पाच,” धुरपताबाई म्हणाल्या.

“काकी, तुमी बी?” घनश्यामभाऊ म्हणाले. “अहो, गुडघे दुखतात तुमचे.”

“दुखतात. हात नाई दुखत, वर कराले.”

लीलाधर फसकन हसला आणि लगेच पानांत पाहू लागला. घनश्यामभाऊंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. आता ते व्यापारी दिसत होते, आणि रीताला ते बरे वाटले. या माणसाशी बोलता येईल.

“बरं. पाहिजे काय तुम्हाले? योगराजशी माझं सगळं बोलणं झालं हाये.”

“योगराजशी झालं. माझ्याशी नाई झालं.”

“मंग बोला.”

ती काय बोलणार हे तिलाही ठाऊक नव्हते. पाळ, असे म्हणायला ती आली होती. पाळ कापायची नाही, एवढे लिहून द्या, हात वर करते. पण तोंड उघडताना तिला दिसले की लिहून दिलेला कागद योगराजकडे जाईल, आणि योगराज त्यावर पेन्सिलीने खूण करून देईल. “सभापतीचा अर्ज मी भरीन,” ती म्हणाली.

घनश्यामभाऊ खरेच हसले, मोकळे, छान हसले. “अहो, नीतूचं ठरलं हाये. सगळ्याईले सांगून झालं.”

“नीतूबाईले इथं काऊन नाई आणलं?”

“तिले कायले आणाचं? ती तर—”

“तिले पळवाची गरज नोहती,” रीता म्हणाली.

कोहमाऱ्याच्या बाजूने ट्रक गेला, गिअर बदलल्याचा आवाज स्पष्ट आला. मंगरूने न सांगता खिशातून किल्ली काढली, घनश्यामभाऊंकडे पाहिले, आणि घनश्यामभाऊंनी, कुणी पाहते आहे का हे कुंपणापलीकडे पाहून घेत, मान हलवली. कुलूप निघाले. गेट पूर्ण उघडले, दोन्ही फळ्या. रस्ता पांढरा, धुळीचा, सरळ. रीताच्या पायांना जायचे होते, पळत सुटावे, चौकात उभे राहून गुळाचा चहा प्यावा, कुणीही मागे येऊ शकत नाही. ती हलली नाही. “उघडंच राहू द्या,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली, घनश्यामभाऊंच्याच.

पुढची वीस मिनिटे घनश्यामभाऊ आंब्याखाली फोनवर होते. आधी कुणा वरच्याशी, जी-जी करत. मग नीतूशी. “ऐक ना. उद्या तुझं नाई... मंग सांगतो... अगं, घरी येऊन सांगतो म्हटलं ना! साडी राहू दे.” रीता ऐकत होती. तिला नीतूची थोडी कीव आली आणि आपल्याला कीव येऊ शकते याची मजा वाटली. धुरपताबाई शेजारी पायरीवर बसून पोहे खात होत्या आणि दर दोन घासांनी तिच्या पाठीवर थाप मारत होत्या, जशी नांगराला जुंपलेल्या जनावराला मारतात. योगराजला कळले की तो काय म्हणेल? ओरडणार नाही. तो गप्प बसेल आणि तिच्या हातचे जेवेल आणि मध्येच विचारेल, तू फाइल कधी वाचलीस? त्या प्रश्नाची तिला आत्तापासून घाई झाली होती. हाताची बोटे तिने मांडीखाली दाबून धरली. घनश्यामभाऊ परत आले. खुर्ची नाही हे पाहून उभेच राहिले.

“ठीक,” ते म्हणाले. “अर्ज तुमचा. पाळीचं मंग पाहू.”

“पाळीचं झालं पाहून.”

तेवढ्यात लीलाधर ओट्यावरून खाली आला, पाने खिशात कोंबली, चपला घातल्या. उघड्या गेटकडे पाहत, कुणाकडेही न पाहता म्हणाला, “मी जरा चौकात जाऊन येतो. तंबाखूचा खर्रा सरला.”

घनश्यामभाऊंनी रीताकडे पाहिले. मंगरूने पाहिले. लीलाधर थांबला, म्हणजे त्यालाही विचारायचेच होते, आणि विचारायचे ते आता हिला. त्याची सोयरीक तिकडच्या पाचांपैकी एकाशी आहे, हे रीताने तीन दिवसांत दोनदा ऐकले होते. बाहेर त्यांच्या गाड्या फिरतात. तिच्या जिभेवर शब्द तयार होता, अगदी गोड, ओळखीचा, मंगरू आणून देते. तो कुठून आला हे तिला दिसले. अर्ध्या तासापूर्वी ही गेट उघडायला लावणारी बाई, आणि आता हीच आत बसून माणसे मोजत होती, सात, सहा, सहा-सहा, चिठ्ठी. बोटे मांडीखालून निसटली.

“जा,” ती म्हणाली.

“येतो लगेच.”

“तुमची मर्जी, लीलाधरभाऊ.”

तो गेटातून बाहेर पडला. “वहिनी,” घनश्यामभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, “तो गेला त गेलं सगळं. तुमचं बी.”

“माहीत हाये.”

लीलाधर धुळीतून चालत होता, सावकाश, चपला फरफटवत, हात मागे बांधून. लाखोळीच्या बांधीपर्यंत पोचला. बंद ढाब्यापर्यंत. रीता उभी राहिली होती, ती केव्हा उभी राहिली तिला कळले नाही. तो वळणावर थांबला, मागे वळून त्याने बंगल्याकडे पाहिले. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तो कुणी हाक मारते का याची वाट पाहत होता, हे तिला इतक्या लांबूनही दिसले. तिने दोन्ही हात गेटच्या फळीवर ठेवले, आणि हाक मारली नाही.